हाडांना लागतं ऊन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सरडा या प्राण्याला आपल्या भाषेनं फारसं बरं वागवलेलं नाही. पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला आपण सरडा म्हणतो. कुणाची कुवत काढायची असेल, तर ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ म्हणून मोकळे होतो. आम्ही कवी मंडळीही यात मागे नाही. रंग बदलणारा म्हणून सरड्याला कवितेत आणायचं आणि ज्याला टोमणा मारायचा त्याला मारून घ्यायचा, हा आमचा जुना धंदा. पण त्या रंगाच्या आत एक हाडांचा सांगाडा असतो, तो आजारी पडतो आणि त्याच्या आजाराचा आपल्या आज्या-पणज्यांच्या दुखण्याशी अगदी जवळचा संबंध आहे, हे कुठल्या कवितेत आलेलं माझ्या वाचनात नाही. आज त्याच संबंधाबद्दल बोलायचं आहे.

मी कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस, शास्त्राचा विद्यार्थी नव्हे. पण आमच्या गल्लीतल्या एका मुलानं पुण्या-मुंबईकडून परदेशी जातीचा एक सरडा विकत आणला, काचेच्या पेटीत ठेवला आणि पाच-सहा महिन्यांत तो सरडा फांदीवरून खाली पडायला लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, ‘याची हाडं मऊ पडलीत. माणसात याला मुडदूस म्हणतात.’ मुडदूस हा शब्द मी लहानपणी घरात ऐकला होता. सरड्याच्या बाबतीत तो ऐकला आणि मग या विषयाच्या मागेच लागलो.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. कुंपणावर मान हलवत बसतो तो आपला नेहमीचा सरडा वेगळा. आज ज्याच्याबद्दल बोलतोय तो शॅमेलिऑन. आपल्याकडे त्याला घोयरा म्हणतात. भारतातली त्याची जात झाडाझुडपांत राहते. दोन्ही डोळे दोन दिशांना फिरवतो, पायाची बोटं चिमट्यासारखी, शेपटीची गुंडाळी आणि जीभ जवळपास अंगाएवढी लांब. चालतो तोही असा, की एक पाऊल टाकू की नको या विचारात पडलेल्या माणसासारखा. तो विषारी नाही. तरी गावोगावी पोरं त्याला दगड मारतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलेलं आहे. त्याला पकडणं, विकणं, घरात पाळणं हा गुन्हा आहे. घरात पाळले जातात ते बहुतेक येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातले किंवा मादागास्कर बेटावरचे शॅमेलिऑन. त्यांनाही आता आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीमुळे आणि २०२२च्या कायदेदुरुस्तीमुळे सरकारदरबारी नोंदणी लागते. कुणी ‘कागदपत्रांची गरज नाही’ म्हणून असा प्राणी विकत असेल, तर तिथंच सावध व्हायला हवं.

या प्राण्याबद्दलचा गैरसमज फार जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या प्लिनीनं लिहून ठेवलं, की शॅमेलिऑन काही खात-पीत नाही, तो नुसत्या हवेवर जगतो. तोंड उघडं ठेवून तासन्‌तास निश्चल बसलेला प्राणी पाहून कुणालाही तसं वाटेल. ही समजूत युरोपात शेकडो वर्षं टिकली. १६६९ साली पॅरिसमध्ये क्लोद पेरो या विद्वानानं शॅमेलिऑनचं शवविच्छेदन करून त्याच्या शरीररचनेचं वर्णन छापलं. त्यानंतर थोड्याच वर्षांनी त्याच शहरात मादलेन द स्क्युदेरी या कादंबरीकार बाईंकडे इजिप्तहून आणलेले शॅमेलिऑन होते. बाईंचा त्यांच्यावर मोठा जीव. त्यांनी त्यांच्यावर लेखही लिहिला, तो १६८८मध्ये छापून आला. म्हणजे घरात शॅमेलिऑन पाळायची हौस साडेतीनशे वर्षं जुनी आहे. इजिप्तचं ऊन सोडून पॅरिसच्या थंडीत आलेल्या त्या जिवांना काय काय सोसावं लागलं असेल, याची कल्पना आज आपण करू शकतो. कारण हा प्राणी हवेवर जगत नाही हे खरं असलं, तरी नुसत्या किड्यांवरही तो जगत नाही. त्याला ऊन लागतं, आणि ते पोटासाठी नव्हे, हाडांसाठी.

ते कसं, ते साध्या भाषेत सांगतो. हाडं म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस. चुना हे कॅल्शियमचंच रूप, म्हणून गावाकडची माणसं ‘हाडात चुना असतो’ म्हणतात ते काही खोटं नाही. पण खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला डी जीवनसत्त्व हवं. हे जीवनसत्त्व अन्नातून फार थोडं मिळतं. उन्हातले काही अदृश्य, अतिनील किरण कातडीवर पडले, की ते कातडीतच तयार होतं. माणसाच्या बाबतीत हे जसं खरं, तसं सरड्याच्या बाबतीतही. आता तीन गोष्टी लक्षात घ्या. एक, हे किरण साध्या काचेतून आत येत नाहीत. खिडकीशेजारी ठेवलेली काचेची पेटी उन्हानं तापते, पण हाडांना लागणारं ऊन तिच्यात शिरतच नाही. दोन, पाळीव सरड्याला खायला देतात ते रातकिडे आणि अळ्या. त्यांच्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदीच कमी. तीन, रक्तातलं कॅल्शियम कमी झालेलं शरीराला चालत नाही. हृदय, स्नायू, नसा सगळ्यांचं काम त्यावर चालतं. मग शरीर ते कुठून तरी आणतं. कुठून? तर हाडांतून. गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड नावाच्या बारीक ग्रंथी हुकूम देतात आणि हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतलं जातं. घरात पैसा येईनासा झाला, की माणूस आधी दागिने मोडतो आणि मग भिंतीच्या विटा विकायला काढतो, त्यातलाच प्रकार. रक्त तपासलं तर बरेच दिवस सगळं ठीक दिसतं. पोखरलं जातं ते घर.

या ग्रंथींचा शोधही एका जनावराच्या देहातच लागला, आणि तेही आपल्याकडच्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा होता. १८४९मध्ये तो मेला. रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञानं त्याचं विच्छेदन केलं. त्या अवाढव्य देहात, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला चिकटलेली एक छोटी पिवळसर गाठ त्याला दिसली आणि त्यानं ती नोंदवून ठेवली. माणसाच्या गळ्यात त्याच ग्रंथी स्वीडनच्या ईवार सांडस्ट्रोम या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं पुढे १८८०मध्ये शोधल्या. त्यांचं काम काय, हे कळायला मात्र विसावं शतक उजाडलं.

मुडदुसाची कथाही अशीच माणूस आणि जनावर यांच्यामध्ये फिरत राहते. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ग्लिसन यानं १६५०मध्ये या रोगावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे कारखाने आले, कोळशाच्या धुरानं आकाश झाकलं, माणसं अंधाऱ्या गल्ल्यांत दाटीवाटीनं राहू लागली आणि वाकड्या पायांची पोरं हे युरोपातल्या शहरांतलं नेहमीचं दृश्य झालं. पोलंडच्या श्न्यादेत्स्की या डॉक्टरनं १८२२मध्येच म्हटलं होतं, की वॉर्सा शहरातल्या मुलांना हा आजार होतो, खेड्यातल्यांना होत नाही, तेव्हा मुलांना उन्हात न्या. त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. उपाय फुकटचा असला, की माणसाचा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

लंडनच्या त्याच प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे जगत नव्हते. जन्मायचे, थोडे वाढायचे, मग पाय वाकायचे आणि मरायचे. त्यांना घोड्याचं बिनहाडांचं मांस मिळत असे. १८८९मध्ये जॉन ब्लँड-सटन या शल्यवैद्यानं सांगितलं, की यांना मांसाबरोबर हाडांचा चुरा, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल द्या. तीन महिन्यांत छावे सुधारले आणि पुढे धडधाकट वाढले. कॉड माशाचं तेल हा उत्तर युरोपातल्या कोळ्यांचा जुना घरगुती उपाय. त्यात डी जीवनसत्त्व असतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पिंजऱ्यातलं जनावर नुसत्या आहारात बदल करून या आजारातून उठतं, हे त्या छाव्यांनी दाखवून दिलं. आज सरड्याला जे औषध देतात, त्याचं मूळ तिथं आहे.

पुढच्याच वर्षी, १८९०मध्ये, थिओबाल्ड पाम या डॉक्टरनं दुसरं टोक पकडलं. तो जपानमध्ये मिशनरी डॉक्टर होता. तिथं त्याला मुडदूस क्वचितच दिसला, आणि इंग्लंडला परतल्यावर मात्र घरोघरी. त्यानं जगभरच्या मिशनरी डॉक्टरांना पत्रं लिहून माहिती मागवली. निष्कर्ष निघाला, की जिथं ऊन भरपूर तिथं हा आजार कमी, मग तिथले लोक कितीही गरीब असोत.

म्हणजे एक बाजू म्हणते आहार, दुसरी म्हणते ऊन. भांडण वीस-तीस वर्षं चाललं. १९१९मध्ये एडवर्ड मेलनबी यानं इंग्लंडमध्ये कुत्र्याची पिल्लं घरात ठेवून, ठरावीक अन्न देऊन त्यांच्यात मुडदूस निर्माण केला आणि कॉडच्या तेलानं तो टाळता येतो हे दाखवलं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या बालरोगतज्ज्ञानं मुडदुसाची मुलं अतिनील दिव्याखाली ठेवून बरी केली. त्यानं एक गंमत पाहिली. एकाच हातावर प्रकाश टाकला, तरी दुसऱ्या हाताचंही हाड भरून आलं. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जात होतं. पहिल्या महायुद्धानं उपाशी पडलेल्या व्हिएन्नामध्ये हॅरिएट चिक या बाईंनी मुलांच्या दवाखान्यात दाखवलं, की तेल आणि ऊन दोन्हींनी तोच गुण येतो. १९२२मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यानं तेलातल्या त्या द्रव्याला डी जीवनसत्त्व हे नाव दिलं. ऊन आणि तेल ही एकाच घराची दोन दारं होती, हे तेव्हा कळलं.

नेमक्या त्याच १९२२ साली या प्रश्नाचा मोठा पुरावा आपल्या महाराष्ट्रातून पुढे आला. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिक भागात मुडदुसाचा अभ्यास केला आणि तो इंग्लंडच्या वैद्यकीय त्रैमासिकात छापला. नाशिकला ऊन कमी आहे असं तर कुणी म्हणणार नाही. तरीही तिथं मुडदूस होता. कुणाच्या घरात? गरिबांच्या नव्हे. भाकरी-आमटीवर दिवस काढणाऱ्या, दूध-तूप दृष्टीलाही न पडणाऱ्या मोलकरणी आणि शेतमजूर बाया पोर पाठीशी किंवा बांधावर ठेवून दिवसभर रानात राबत. त्यांच्या पोरांचे पाय सरळ होते. आजार होता तो खाऊनपिऊन सुखी घरांत. पडदा पाळणाऱ्या मुसलमान घरांत आणि तान्ह्या मुलांना घराबाहेर न काढणाऱ्या वरच्या वर्गातल्या हिंदू घरांतही. तान्ह्या मुलांना मुडदूस, आणि बारा-तेराव्या वर्षी लग्न होऊन आतल्या खोलीत गेलेल्या मुलींना मोठेपणचा मुडदूस. दूध होतं, अंडी होती, तूप होतं. नव्हतं ते फक्त ऊन.

हा अभ्यास वाचताना मला माझी नानी आठवली. कोल्हापूरच्या एका पेठेत तेराव्या वर्षी ती लग्न होऊन आली. घर अब्रूदार होतं. पुढच्या दाराला चिकाचा पडदा, मागं चार हातांचं अंगण आणि त्यावरही पत्रा. आमच्या शहराला हाडापेराचं मोठं कौतुक. गल्लीच्या तोंडाशी तालीम. घरातले पुरुष तिथं लाल मातीत, उन्हात घाम गाळत आणि दूध-बदामाचा खुराक खात. घरात दूध कमी नव्हतं, ते बायकांनाही मिळे. पण नानी पंचविशीतच कमरेतून झुलत चालायची. ‘हड्डियां बोलतींया,’ म्हणायची. दोन मुलं बाळंतपणात अडकून गेली. माझी आई तिसरी, ती वाचली. घरातल्या मोठ्या बायका म्हणायच्या, नशीब. तिच्या हाडांचं छायाचित्र कधी कुणी काढलं नाही, आजाराला नाव कुणी दिलं नाही. पण हा आजार कमरेच्या हाडांचा घेर दाबून बाळाची वाटच अरुंद करतो, हे मी जेव्हा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

काश्मीरमध्ये हेच दृश्य कॅथलीन व्हॉन या डॉक्टर बाईंनी पाहिलं. श्रीनगरमध्ये जनाना रुग्णालयात त्यांनी काम केलं आणि १९२८मध्ये पडदा आणि मातृत्व या विषयावर पुस्तक लिहिलं. शहरातल्या पडदानशीन बायका अडून बसत, मरत. आणि होडीवर राहणाऱ्या हांजी बायका, त्याही मुसलमानच, उघड्यावर वल्ही मारत आणि सहज बाळंत होत. धर्म एक, गाव एक, पाणीही एकच. फरक भिंतीचा होता.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे, कारण हा विषय निघाला की बोट एकाच बाजूला दाखवलं जातं. गोषा ही काही एका जमातीची मिरासदारी नव्हती. आपल्या भागात सरदार-जहागीरदारांच्या वाड्यांतही तो कडक पाळला जाई. ज्या घराला बाई घरात बसवणं परवडत होतं, त्या घरात ती बसवली जात होती. इभ्रतीची किंमत हाडांनी मोजली जात होती, आणि ती मोजणारा कधीच तालमीतला पैलवान नव्हता. जिला मोजावी लागली, तिला ती कशाची किंमत आहे हेही कुणी सांगितलं नाही.

ही गोष्ट जुन्या काळातच संपली असंही नाही. १९६२मध्ये ग्लासगो शहरात, म्हणजे स्कॉटलंडच्या ढगाळ आभाळाखाली, तिथं गेलेल्या पाकिस्तानी कुटुंबांत मोठेपणचा मुडदूस सापडला. १९८१मध्ये ब्रिटनमध्ये आशियाई कुटुंबांसाठी मुडदूस रोखण्याची खास मोहीम काढावी लागली. २००२मध्ये दिल्लीतल्या लहान मुलांवरचा एक अभ्यास छापून आला. ज्या भागात हवा धुरानं गढूळ, तिथल्या मुलांच्या रक्तात डी जीवनसत्त्व कमी, असं त्यात दिसलं. आज कोल्हापुरातही हाडं दुखतात म्हणून डॉक्टरकडे गेलं, की पुष्कळदा आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी लिहून मिळते. ती डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावी, कारण हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी अपाय करतं.

आता पुन्हा सरड्याकडे वळू. त्याच्या वाट्याला भिंत आली ती काचेची. पाळीव शॅमेलिऑनचा बाजार १९९०नंतर जगभर वाढला आणि हा आजारही त्याच्याबरोबर वाढला. तो ओळखायचा कसा? सुरुवात फार साधी असते. पकड ढिली होते. चढायचं टाळतो, खालच्या फांदीवर बसून राहतो. किड्यावर जीभ फेकतो, पण ती पोचत नाही, किंवा बाहेर आलेली आत घ्यायला वेळ लागतो. लोकांना वाटतं, खायला नको म्हणतोय. वास्तविक त्याला हवं असतं, पण जमत नसतं. पुढे कोपरापासून हात धनुष्यासारखा वाकतो. अंग उचलून चालणारा प्राणी पोट घासत चालतो. खालचा जबडा सुजतो किंवा रबरासारखा लवचिक होतो. पाठीला बाक येतो, बरगड्या आत दबतात. बोटं थरथरायला लागली, की पाणी डोक्यावरून गेलं असं समजावं. एक्स-रेमध्ये हाडं फिकट दिसतात, आणि कधी कधी आपोआप मोडून तशीच वेडीवाकडी जुळलेलीही दिसतात. माद्यांना धोका जास्त. येमेनच्या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते, तीही एकावेळी कितीतरी. त्या प्रत्येक अंड्यासाठी कॅल्शियम लागतं, ते तिच्याच हाडांतून निघतं आणि मग अंडी पोटातच अडकतात. आईपणाचा हिशेब कुठल्याही जातीत हाडांतूनच चुकता होतो, असं दिसतं.

उपचाराचे तीन भाग. पहिला म्हणजे कारण दूर करणं. सरड्यांसाठीचा अतिनील किरण देणारा दिवा बसवायचा, दिवसाचे दहा-बारा तास चालू ठेवायचा, आणि दिवा व प्राणी यांच्यामध्ये काच नको. हा दिवा डोळ्यांना पेटलेला दिसत राहिला, तरी सहा महिने ते वर्षभरात त्यातले उपयोगाचे किरण मंदावतात, म्हणून तो बदलावा लागतो. ऊबही हवी, कारण सरडा थंड असेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही. दुसरा भाग आहाराचा. किडे देण्याआधी त्यांना पालेभाज्या खाऊ घालायच्या आणि वर फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड भुरभुरायची. तिसरा भाग डॉक्टरांचा. तोंडावाटे कॅल्शियमचं औषध, लागलं तर डी-तीन जीवनसत्त्व, आणि अंग आखडलं असेल तर कॅल्शियमचं इंजेक्शन. हे घरी आपल्या मनानं करू नये. डी जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला, तर कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं. त्या काळात प्राण्याला कमीत कमी हाताळायचं, फांद्या खाली बांधायच्या, तळाला मऊ काहीतरी घालायचं आणि चिमट्यानं भरवायचं. सुधारायला आठवडे नव्हे, महिने लागतात. हाड पुन्हा घट्ट होतं, पण वाकलेलं हाड सरळ होत नाही.

मुंबईत परळला जनावरांच्या वैद्यकाचं शिक्षण १८८६पासून मिळतं. पण तिथली विद्या मुख्यतः गाई-बैलांची, घोड्यांची आणि पुढे कुत्र्या-मांजरांची. सरड्यावर उपचार करणारे डॉक्टर आजही शोधावे लागतात. आमच्या गल्लीतल्या मुलाला ते मिळाले, आणि त्याचा सरडा वाचला. उजवा हात वाकडा राहिला. तो तसाच पकडून तो आता चढतो.

मला सर्वांत नवल वाटलं ते अमेरिकेतल्या एका संशोधनाचं. टेक्सासमध्ये गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादागास्करच्या शॅमेलिऑनांवर वर्षानुवर्षं काम केलं. काही सरड्यांना आहारातून डी जीवनसत्त्व भरपूर दिलं, काहींना कमी. मग त्यांना अतिनील किरण हवे तेवढे घेण्याची मोकळीक दिली. ज्यांच्या अंगात डी कमी होतं ते आपण होऊन प्रकाशात जास्त जाऊन बसले, आणि ज्यांच्या अंगात पुरेसं होतं ते सावलीला सरकले. २००९मध्ये या मालेतला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. आपल्याला उन्हाची किती गरज आहे, हे त्या प्राण्याचं त्याला कळतं. त्याला कुणी शिकवावं लागत नाही, पुडी लिहून द्यावी लागत नाही. फक्त ऊन आणि सावली यांच्यामध्ये जाण्या-येण्याची वाट मोकळी असली पाहिजे.

हे वाचल्यावर सरड्याच्या धावेचा तो वाक्प्रचार मला वेगळा दिसायला लागला. कुंपण कुणी घातलं, हा प्रश्न त्यात कुणी विचारलेलाच नाही. माझ्या नानीलाही ऊन हवंसं वाटत असणार. थंडीच्या दिवसांत मागच्या अंगणात पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी पडायची. नानी पाट घेऊन तिथं बसायची आणि ती पट्टी सरकेल तसा पाट सरकवायची. घरात सगळे हसायचे. आम्हाला तो तिचा छंद वाटायचा.

तेव्हा दोन गोष्टी सांगून थांबतो. रानातला घोयरा दिसला, तर त्याला दगड मारू नका आणि घरीही आणू नका. जखमी असेल तर वन विभागाला कळवा. आणि ज्यांच्या घरी बाळंतीण आहे, तान्हं आहे, किंवा जी आजी महिनोन्‌महिने जिना उतरलेली नाही, त्यांनी घरातल्या उन्हाचा एकदा हिशेब करावा. फ्लॅट असो, वाडा असो, कुणाचंही घर असो. काचेच्या बंद खिडकीतून दिसणारं ऊन त्या हिशेबात धरू नका. खिडकी उघडा, गच्चीचं कुलूप काढा आणि पाट बाहेर ठेवा.